एंटविसलचे चार सामने

सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

जो माणूस तरुणपणी पगार घेऊन फुटबॉल खेळत होता, तो आपल्या एकुलत्या एका मुलीला हे मरेपर्यंत का सांगत नाही? मला नाही माहीत. एडिथबाईंनी आज अगदी हेच विचारलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.

मिस एडिथ एंटविसल, वय सत्त्याऐंशी. याच गावातल्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. आता नर्सिंग होममध्ये, नाकात ऑक्सिजनची नळी. मी इथल्या लायब्ररीच्या स्थानिक इतिहास कक्षात आठवड्याचे वीस तास काम करते, म्हणून गॉर्डननी मला त्यांच्याकडे पाठवलं. (गॉर्डन कक्षाचे प्रमुख. साठीच्या माणसाला नुसतं 'गॉर्डन' म्हणायला दीड वर्षानंतरही जड जातं.)

बाईंचे वडील वॉल्टर १९१२ साली इंग्लंडहून अमेरिकेत आले. इथल्या दोऱ्याच्या गिरणीत फिटर. १९५१ साली गेले. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात एक फोटो निघाला — पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले पंधरा पुरुष, मधल्याच्या मांडीवर बॉल, बॉलवर पांढऱ्या रंगात १९०९-१०. मागच्या रांगेत अगदी टोकाला वडील. बाईंनी इंग्लंडला लिहून विचारलं तेव्हा कळलं, तो ब्रॅकनशॉ टाउन क्लब, लँकशायरमधला, तेव्हा लीगच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात. आता तो क्लबही नाही.

"आमच्या घरात कधी बॉल नव्हता," बाई म्हणाल्या. "शेजारची मुलं खेळायला लागली की पप्पा खिडकी लावून घ्यायचे."

मग म्हणाल्या, "मी जायच्या आत शोधशील? आणि पाठ सरळ ठेवून बस."

शोधीन म्हटलं. माझ्याकडे काय आहे? बाईंच्या वडिलांचं नाव वॉल्टर. आजोबांचं हेन्री, विणकर. एक फोटो. बस्स.


बुधवार, १८ फेब्रुवारी

इंग्लंडमधल्या जुन्या पेपरांची मायक्रोफिल्म आली. दिवसभर यंत्राचं चाक फिरवलं, डोळे चुरचुरतात. पेपरवाले संघ छापतात तो फक्त आडनावांनी. एंटविसल, एंटविसल, एंटविसल! 'एंटविसलने डाव्या बगलेतून सुरेख धाव घेतली.' दर शनिवारी आहे. पण सगळी आडनावंच.

अदिती — माझी रूममेट, पुण्याची, मॅनहॅटनमध्ये बँकेच्या आयटीत — म्हणाली, "यार, तू अमेरिकेत येऊन मेलेल्या गोऱ्यांचा पत्ता शोधतेस. सीरियसली?"

तिला समजावून सांगता येत नाही. आमच्या पप्पांची जन्मतारीख एक जून. काकांची एक जून. आईचीही एक जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख वाटली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि मला नोंदी खऱ्या असाव्यात असं वाटतं. एवढ्यासाठीच ग्रंथालयशास्त्र घेतलं. यात हसण्यासारखं काय आहे?


शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुसऱ्या लायब्ररीतून लीगचं जुनं वार्षिक मागवलं होतं. त्यात खेळाडूंची यादी. 'एंटविसल, डब्ल्यू. एच. — ब्रॅकनशॉ टाउन — २१४ सामने — इंग्लंडकडून एकदा.'

डब्ल्यू. एच.! वॉल्टर, वडील हेन्री. चोख जुळलं. गॉर्डनना दाखवलं तर ते खुर्चीतून उठले. "आपल्या गिरणीत इंग्लंडचा खेळाडू फिटर होता? आणि गावाला पत्ता नाही?"

इंग्लंडकडून खेळलेला माणूस खिडकी लावून घेतो. का? ते अजून कळलं नाहीच.


रविवार, २९ फेब्रुवारी

आज बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग म्हणाल्या, "दोनशे चौदा." वर्गात फळ्यावर आकडा लिहून त्याच्याकडे बघत राहावं तशा.

निघताना नर्सला हाक मारून म्हणाल्या, "माझे वडील इंग्लंडकडून खेळले. ही मुलगी हिंदुस्थानातून आली आणि तिने शोधून काढलं."

बसमध्ये मी रडले. आनंदाने. कितीतरी दिवसांनी!


शुक्रवार, १२ मार्च

गावच्या साप्ताहिकात आलं. फोटोसकट. नर्सिंग होममधले सगळे बाईंना आता 'इंग्लंडची लेक' म्हणतात. जेवणाच्या टेबलावर त्यांना मधली खुर्ची मिळते म्हणे.

गावाच्या मैदानावर सॉकर क्लब एक बोर्ड लावणार आहे — परदेशात वरच्या पातळीवर निदान पन्नास सामने खेळून मग या गावात येऊन राहिलेल्या माणसांच्या नावांचा. गॉर्डन कमिटीवर आहेत. तेरा नावं ठरली होती, वॉल्टर एंटविसल चौदावे. नाव, क्लब, सामने. आणि सगळ्यांत इंग्लंडचा खेळाडू हे एकटेच! १ मेला उद्घाटन. बाईंना उठवत नाही, पण म्हणाल्या, "मला माहीत असलं की पुरे."


मंगळवार, ३० मार्च

बाईंना दोन दिवस धाप लागली होती. आज बऱ्या आहेत. दोनशे चौदा सामने कुठे कुठे झाले त्याची यादी हवी आहे त्यांना.


गुरुवार, ८ एप्रिल

यादीसाठी ब्रॅकनशॉच्या एका गृहस्थांना पत्र टाकलं होतं. मिस्टर क्लेग, निवृत्त पोस्टमन. क्लब बुडाला तेव्हा त्याची कागदपत्रं कचऱ्यात चालली होती, ती त्यांनी घरी आणली. आज उत्तर आलं. सात पानं, निळ्या शाईत. मी तिसऱ्या पानावर थांबले आणि पाणी प्यायला उठले.

एंटविसल दोन होते.

डब्ल्यू. एच. म्हणजे वॉल्टर हर्बर्ट. हर्बर्ट हे त्याचं स्वतःचंच दुसरं नाव. त्याच्या वडिलांचं नाव जोसेफ. फोटोत मांडीवर बॉल घेऊन बसलाय तो हा. १९१७ साली फ्रान्समध्ये लढाईत गेला. लग्न नाही, मूलबाळ नाही. क्लेग लिहितात, 'त्याच्या मागे कोणी नाही, म्हणून त्याच्या नोंदी मी बघतो.'

आमचा वॉल्टर नुसता वॉल्टर. मधलं नाव नाहीच.

मधलं नाव वडिलांचं — मला एकदाही शंका आली नाही! शरयू मोरेश्वर. बालवाडीपासून प्रत्येक फॉर्मवर तसंच लिहिलं. इथे आल्यावर वीस माणसांची नावं ऐकली, कुणाच्याच मध्ये बाप नसतो हे मला माहीत होतं. माहीत होतं! आणि तरी एच दिसला आणि माझ्या डोक्याने परस्पर हेन्री लिहून टाकलं. गॉर्डननी विचारलं नाही, कारण हेन्री हे त्यांच्याकडे मधलं नाव असूही शकतं. विचारायचं काम माझं होतं.

पुढचं आणखी वाईट. आमचा वॉल्टर १९०८ साली क्लबात आला. त्यांची तिथे रीत अशी — दर मे महिन्यात क्लब एक यादी पाठवायचा, कुठले खेळाडू आम्ही राखले. यादीत नाव असलं की दुसरा कुठलाही क्लब त्या माणसाला घेऊ शकत नाही. खेळवा, नाहीतर बसवून ठेवा. ब्रॅकनशॉने वॉल्टरला चार वर्षं राखला. तोही डाव्या बगलेचाच. दुसऱ्या एका क्लबने त्याला तीनदा मागितला, तीनदा नाही म्हटलं. हर्बर्ट जखमी झाला तर असावा म्हणून. तो चार वेळा जखमी झाला.

चार सामने.

आणि पेपरात त्या चारही दिवशी छापलंय ते नुसतं 'एंटविसल'. म्हणून वार्षिकात ते चारही हर्बर्टच्या खात्यात गेले. 'आकडा खरं तर २१० आहे,' क्लेग लिहितात, 'मी गेली वीस वर्षं हे सांगतोय, पण मला कोण विचारतो!'

१९१२ च्या मेमध्ये चौथ्यांदा राखला. जूनमध्ये तो बोटीत बसला.


शुक्रवार, ९ एप्रिल

आज गुड फ्रायडे, लायब्ररी बंद. बरं झालं. गॉर्डनकडे बघावं लागलं नाही.


रविवार, ११ एप्रिल

अदितीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी ठेवून बसली.

"ओके. कोणाकोणाला माहितीये?"

मला आणि क्लेगना.

"क्लेग लँकशायरमध्ये. ते इथे येऊन बोर्ड वाचणार नाहीयेत."

पण खोटं आहे ना ते.

"शरयू, ऐक. ती म्हातारी किती दिवसांची? तू तिला आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट दिलीस. आता परत मागायला जाणार? कशासाठी? कोणाचं नुकसान होतंय?"

मी म्हटलं, हर्बर्टचं.

"तो मेला, यार! नाइन्टीन सेव्हन्टीनमध्ये मेला!"

मग तीच थोड्या वेळाने म्हणाली, "चिडू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मला झोप लागली असती, एवढंच म्हणतेय."

ती वाईट नाही. आणि तिचं चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही, हा त्रास आहे.


शनिवार, १७ एप्रिल

सांगितलं.

सगळ्या वाटेत वाक्यं जुळवली होती. खोलीत गेल्यावर एकही आठवलं नाही. "मिस एंटविसल, मी चूक केली," एवढं म्हटलं आणि क्लेगचं पत्र पहिल्या पानापासून वाचायला लागले. मध्ये थांबायचं धाडस नव्हतं. यादीचं सांगितलं, तीनदा मागितल्याचं, बोटीचं. माझ्या मधल्या नावाचंही सांगितलं — आमच्याकडे प्रत्येकाच्या मधे बाप असतो म्हणून मी फसले, हे.

बाई भिंतीकडे बघत होत्या.

"चार," त्या म्हणाल्या.

हो.

"कुठले चार? वाच."

क्लेगनी पंचांच्या अहवालावरून आणि क्लबच्या वहीतून सगळं उतरवून दिलं होतं. मी वाचलं.

डिसेंबर १९०९. शेफील्ड, त्यांच्या मैदानावर. १-३ हार. चिखल. वॉल्टर एंटविसल 'घाबरलेला दिसला'.

फेब्रुवारी १९१०. नॉटिंगहॅमविरुद्ध घरच्या मैदानावर. ०-०. धुकं इतकं की दुसऱ्या अर्ध्यात समोरचा गोल दिसत नव्हता.

ऑक्टोबर १९१०. ब्रिस्टलविरुद्ध, घरी. २-१ जीत. पहिला गोल वॉल्टरने डावीकडून दिलेल्या बॉलवर.

जानेवारी १९१२. सन्डरलंड. ०-४. बर्फ.

"ब्रिस्टल परत वाच."

वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. 'पहिला गोल वॉल्टरने डावीकडून.' पाठ करत होत्या बहुतेक.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता जा, मुली."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटेल. कुठल्या पुस्तकात वाचलं होतं हे मी?


सोमवार, १९ एप्रिल

नर्सिंग होममधून लायब्ररीत फोन — बाईंनी बोलावलंय. धावत गेले. बऱ्याच थकल्या होत्या, पण केस विंचरलेले, वर्गावर जायच्या आधीसारख्या.

"गॉर्डनला सांगितलंस?"

नाही. तुम्हाला आधी सांगायचं होतं.

"मग सांगू नकोस. बोर्ड आहे तसा लागू दे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "त्या माणसाने माझ्या वडिलांचे चार सामने घेतले. पन्नास वर्षं, नव्वद वर्षं. कोणी तक्रार केली? मग आता त्याचे दोनशे माझ्या वडिलांना थोडे दिवस राहू देत."

त्याने घेतले नाहीत, मिस एंटविसल. पेपरवाल्यांनी चुकून दिले.

"आणि आपणही चुकूनच दिले. फरक काय?"

आता आपल्याला माहीत आहे, हा फरक. मी हे हळू म्हटलं. त्यांनी ऐकलं.

"तो माणूस मेला, म्हणतेस. माझे वडीलही मेले. गिरणीत पस्तीस वर्षं काढून मेले. खिडकी लावून घेणारा माणूस कसा दिसतो तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि मला वाटायचं, पप्पांना मुलं आवडत नाहीत."

मग माझा हात धरला. हाडं नुसती. पकड मात्र केवढी!

"मला फार दिवस नाहीत. वचन दे."

मी दिलं.

खरंच दिलं. 'आय प्रॉमिस' असं मोठ्याने म्हटलं. त्या क्षणी मला ते करायचंही होतं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.


गुरुवार, २२ एप्रिल

गॉर्डन बोर्डाचा मजकूर तपासायला घेऊन आले. चौदा ओळी. मी शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि 'बरोबर आहे' म्हटलं. ते खूश होऊन गेले.


रविवार, २५ एप्रिल

कोल्हापूरला फोन लावला. कार्डात वीस मिनिटं होती.

पप्पा तालमीच्या फुटबॉल टीममध्ये गोली होते. म्हणजे दुसरे गोली. अकरा वर्षं. दिवसा उद्यमनगरात लेथवर आणि संध्याकाळी मैदानावर, पण मॅच असली की बाहेर बसून. लहानपणी मला ते कधी वाईट वाटलं नाही. ते लिंबं कापून द्यायचे सगळ्यांना, मला वाटायचं तेच मुख्य काम आहे.

"काय म्हणतोय गोऱ्यांचा फुटबॉल?" त्यांनी विचारलं. मी एंटविसलची गोष्ट सांगितली. माझी चूक, बाई, वचन, यातलं काही नाही. नुसतं एवढंच, की एकाचे सामने दुसऱ्याच्या नावावर लागले.

पप्पा मोठ्याने हसले. "अगं, हे तर आमच्याकडंबी झालंय की! तालमीत फोटो हाय बघ, चषक जिंकलेला. मी डावीकडनं शेवटचा. खाली नाव छापलंय पुरुषोत्तमचं. आणि पुरुषोत्तम त्या दिवशी आलाच न्हवता, त्याच्या भणीचं लगीन हुतं!"

मग बदलून नाही घेतलं?

"आता कुठं बदलतीस? काचंत बसवलाय त्यो. तीस वरसं झाली. आणि बाराव्या माणसाचं नाव कोण वाचतंय?"

मीही हसले. मग पप्पा म्हणाले,

"पर तिथनं जाताना दर वेळंला बघतो मी."

काय बघता, पप्पा?

"हेच. अजून तसंच हाय का."

मग आईने फोन घेतला आणि जेवतेस का नीट, वजन किती, सुलेखामावशीच्या ओळखीतला मुलगा टेक्सासला असतो... मी हो हो म्हणत राहिले.


मंगळवार, २७ एप्रिल

क्लेगना पत्रात विचारलं होतं, हर्बर्टचं नाव कुठे आहे का. ईमेल आली, त्यांच्या मुलीने टाइप केलेली. फ्रान्समध्ये एका भिंतीवर आहे, ज्यांचं प्रेत सापडलं नाही त्यांच्या यादीत. फुटबॉलचं कुठेच नाही. क्लबचं मैदान आता सुपरमार्केट आहे.

बाईंकडे गेले. त्यांनी ब्रिस्टलचा सामना म्हणून दाखवला, तोंडपाठ. मग डोळा मारला — सत्त्याऐंशीच्या बाईंनी! आम्हा दोघींचं गुपित. मी पण हसले.

घरी येईपर्यंत ते हसू चेहऱ्यावरून काढता आलं नाही.


बुधवार, २८ एप्रिल

काही नाही लिहायला.


शनिवार, १ मे

बोर्ड अकरा वाजता उघडला. मी गेले नाही. गुरुवारी सकाळीच गॉर्डनच्या खोलीत जाऊन क्लेगचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं होतं. वचनाचंही सांगितलं. चार सामने असं लिहिता येईल का, विचारलं. पन्नासच्या अटीत चार बसत नाहीत, म्हणाले. बोर्डावर तेरा नावं आहेत. बाईंना कोणी सांगायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी. नर्सिंग होमच्या बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. भेटायला दोन वाजता सोडतात. दोन वाजले.